पेशवाईतली एक दुपार लिहायची तर

ऐतिहासिक कथा लिहायला घेणारे बहुतेक जण पहिल्याच पानावर दरबार भरवतात. ललकारी होते, मुजरे झडतात, राजा दोन पल्लेदार वाक्यं बोलतो आणि तिसऱ्या पानाला लेखकाची शिदोरी संपते. दरबारात काय झालं ते सगळ्यांनीच वाचलेलं असतं. बाहेर जोडे सांभाळत बसलेल्या माणसाला तहान लागली तर तो पाणी कुठं प्यायचा आणि त्याला ते कोण देणार नाही, हे मात्र शोधावं लागतं. लिहिण्याची सुरुवात तिथून करावी, असा आमचा आग्रह आहे.

या लेखात सरावासाठी एकच दुपार हाताशी धरली आहे : सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. त्या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, खून केला. प्रसंग ओळखीचा, तारीख पक्की, जागा अर्धीमुर्धी का होईना उभी, आणि भोवती दंतकथांचं रान माजलेलं. शिकायला याहून सोयीची जागा नाही. तुम्ही दुसरं शतक, दुसरा मुलूख निवडलात तरी कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

पहिली पायरी : शिंप्याच्या नजरेनं वाचा

शिंपी दुसऱ्याचा सदरा हातात घेतला की आधी उलटा करतो. आवडत्या ऐतिहासिक कादंबरीचं एकच प्रकरण घ्या, पंधरा-वीस पानांचं, आणि पेन्सिलीनं समासात तीन खुणा करत चला. कागदपत्रांत सापडेल अशा गोष्टीला ‘प्र’, म्हणजे प्रमाण. पुरावा नाही पण त्या काळात घडू शकलं असतं त्याला ‘श’, शक्य. सरळसरळ लेखकाच्या मनातलं, त्याला ‘क’. मनातले विचार आणि एकांतातले संवाद जवळजवळ सगळे ‘क’ निघतात. त्यात काही गैर नाही, कादंबरी त्यासाठीच असते. गडबड होते ती ‘क’ला आपण ‘प्र’ समजून बसतो तेव्हा.

आपल्या प्रसंगातलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. नारायणरावांचे चुलते राघोबादादा यांच्या पत्नी आनंदीबाईंनी गारद्यांसाठीच्या चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, म्हणजे ‘ध’चा ‘मा’ केला. ही गोष्ट नाटकांतून आणि शाळेच्या गप्पांतून इतकी मुरली आहे की तिच्याशिवाय हा खून लोकांना अपुरा वाटतो. पण ती खाडाखोड केलेली चिठ्ठी आजवर कुणाला दाखवता आलेली नाही. कथेत तुम्ही ती वापरू शकता. मात्र तुमच्या वहीत तिच्यापुढं ‘प्र’ लिहायचं नाही. दंतकथेचा आणखीही एक उपयोग असतो. पात्रं ती एकमेकांना सांगू शकतात. खुनानंतर शहरात कुजबुज झालीच असणार, आणि कुजबुजीला पुरावा लागत नाही.

दुसरी पायरी : कागद, आणि त्यांची उतरंड

नवा लेखक आधी बखर उघडतो, कारण बखर वाचायला रसाळ असते. तिच्यात संवाद असतात, उपमा असतात, वीररस असतो. पण बहुतेक बखरी प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाची तरी बाजू धरून लिहिलेल्या आहेत. तिच्यातला आकडा उचलायचा नाही. तिच्यातून वाक्याची लय उचलायची.

भरवशाचा कागद म्हणजे त्या दिवसांत, कामासाठी लिहिलेला कागद : पत्रं, हिशेब, रोजकीर्द, सनदा, निवाडे. हे लिहिणाऱ्याला पुढं आपली कादंबरी होणार आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचं ऐकायचं. यातलं पुष्कळ देवनागरीत छापून झालं आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आहेत, पहिला १८९८ सालचा. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत निघाले. वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आहे. आणि कथालेखकाला सगळ्यांत जास्त धान्य ज्या कोठारात सापडतं ते म्हणजे गणेश चिमणाजी वाडांनी काढलेले सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांमधले उतारे. त्यात कुणाला काय तैनात मिळाली, कोणता पूल दुरुस्त झाला, कुणाला कशाबद्दल दंड झाला, अशा नोंदी आहेत. लढाईचं वर्णन कुठंही मिळतं. एखाद्या बाईला बटीक म्हणून विकल्याची कोरडी नोंद वाचली की कथेचा रंगच बदलतो.

पुण्यातल्यांना भारत इतिहास संशोधक मंडळ जवळ आहे (स्थापना १९१०), पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे. बाहेरगावी आणि परदेशात असणाऱ्यांनी जुन्या छापील खंडांच्या स्कॅन प्रती शोधाव्यात. त्यातले बरेच आता प्रताधिकारमुक्त आहेत.

मोडी शिकायची का? पहिल्या कथेसाठी गरज नाही. पुढं शिकलात तर फायदा आहे, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत छापील मोडी लागायला लागते. हस्तलिखित मात्र छळतं. आधी रेघ ओढून तिच्याखाली न थांबता लिहीत गेलेलं असतं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. माणसाचं नाव आणि गावाचं नाव यांत हमखास गफलत होते.

नोंदी ठेवायची रीत साधी ठेवा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, खाली खंड आणि पान, कोपऱ्यात ‘प्र’, ‘श’ किंवा ‘क’. तीन हजार शब्दांच्या कथेला चाळीसेक चिठ्ठ्या पुरतात आणि त्यातल्या दहा-बाराच प्रत्यक्ष कथेत येतात. चाळीसच्या चाळीस आल्या तर कथा बुडाली म्हणून समजा.

तिसरी पायरी : दिवस बांधून घ्या

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सावकाश.

मराठी कागदांत एकाच दिवसाची दोन-तीन नावं असतात. शालिवाहन शक, त्याचं संवत्सर, महिना, पक्ष, तिथी हे एक. दुसरं सुहूर सन, त्याला अरबी सनही म्हणतात. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात आणि सोबत हिजरी महिन्याचा दिवस येतो. त्या दिवसाआधी ‘छ’ असतं. ते ‘चंद्र’चं लघुरूप आहे, याची नवख्याला कल्पना नसते आणि तो ‘छ’ला सहा समजतो.

आपली दुपार या कोष्टकात अशी बसते. शके १६९५, विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. सुहूर सन ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार : ११७४. हिजरी महिना जमादिलाखर.

बेरजा लक्षात ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतो आणि शक चैत्रापर्यंत तोच राहतो, म्हणून जानेवारी ते मार्च या भागात ७९ मिळवायचे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन शके १५५१ मधला. तिथं ७८ मिळवलेत तर १६२९ येईल आणि तुम्ही वर्षभर चुकाल. त्यांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शके १५९६ मधला; तिथं ७८ बरोबर, १६७४. सुहूर सन मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, नंतर ६००.

आणखी दोन खड्डे. हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो, आपली तिथी सूर्योदयाची धरतात. त्यामुळे रात्री लिहिलेल्या पत्राची तारीख एका दिवसानं हलू शकते. दुसरा खड्डा सतराव्या शतकावर लिहिणाऱ्यांसाठी : इंग्रजांनी नवी दिनगणना १७५२मध्ये घेतली, पोर्तुगीज सोळाव्या शतकातच नव्यावर गेले होते. म्हणून त्या काळात सुरतेच्या इंग्रजी वखारीचं पत्र आणि गोव्याचं पत्र एकाच दिवसाला दहा दिवसांच्या फरकानं नोंदवतात. राज्याभिषेकाची ६ जून ही जुनी गणना आहे, नव्या गणनेनं १६ जून. दोन्हीकडची साधनं वापरलीत आणि हे विसरलात, तर तुमचा निरोप्या निघायच्या आधीच पोचतो. १७७३ला ही कटकट नाही. रूपांतर तोंडी करू नका, जंत्री घ्या, म्हणजे तिथी-तारखा जुळवणारं कोष्टकांचं पुस्तक. मोडकांची आणि खऱ्यांची जंत्री अजूनही कामाची आहे.

एवढी मेहनत कशाला? कारण तिथी हाती आली की फुकटात बरंच मिळतं. शुद्ध त्रयोदशी म्हणजे उद्या अनंत चतुर्दशी. वाड्यात गणपती बसलेले आहेत, गणपती रंगमहालात रात्री दिवे आहेत, भिक्षुक, गवई, बाहेरचे लोक ये-जा करताहेत. (हा वाड्याचा उत्सव. रस्त्यावर मंडप आणि मिरवणूक दाखवू नका. सार्वजनिक उत्सव १८९३ नंतरचा.) भाद्रपद आहे, म्हणजे मुठेला पाणी आहे, भिंतींना ओल आहे, फौजा मोहिमेवर नाहीत, दसऱ्याच्या आधी कुणी सीमोल्लंघन करत नाही. त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण आहे, ढगाआड असला तरी रात्र मिट्ट काळोखी नाही. कथेत चोर पळून जायचा असेल तर त्याला वद्य पक्षापर्यंत थांबवा.

घटका, कोस आणि उजेड

‘पाच मिनिटांनी’ हा शब्द पेशवाईत नाही. दिवसरात्र मिळून ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. प्रहर तीन तासांचा, म्हणजे साडेसात घटकांचा. सूर्योदयापासून दोन प्रहर झाले की मध्यान्ह. ‘दुपार’ हा शब्दच त्यातून आला. नारायणरावांवर हल्ला दुपारी एकच्या सुमाराचा मानला, तर तुमचं पात्र म्हणेल, ‘दोन प्रहर उलटून दोन-अडीच घटका झाल्या.’ खरं तर ते एवढंही म्हणणार नाही. ते म्हणेल, ‘जेवणं नुकती झाली होती.’ सामान्य माणूस घटिकापात्राकडं बघत नसे. सावली, जेवण, गुरं परतणं, नगारा, रात्रीची तोफ ही त्याची घड्याळं. रात्रीच्या तोफेनंतर पुण्याच्या रस्त्यावर सापडणाऱ्याला कोतवालीची माणसं धरत. ही एक गोष्ट कथानकाला केवढी उपयोगी आहे पाहा.

कोस साधारण दोन मैलांचा, तीन-सव्वातीन किलोमीटर. बातमी माणसाच्या पायांनी, घोड्यानं किंवा सांडणीनं जाते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली आणि नानासाहेब पेशव्यांना तिचा सुगावा भेलशाजवळ (आजचं विदिशा) दहाएक दिवसांनी लागला. अंतर साडेसहाशे किलोमीटरांहून जास्त. तातडीच्या बातमीचा हा वेग. साध्या पत्राला त्याच्या दुप्पट दिवस सहज द्या. कथेत कुणालाही काहीही कळलं की समासात लिहा : कुणी सांगितलं, कुठून आला, किती दिवस लागले. निम्मी कथानकं या एका प्रश्नावर कोसळतात, आणि बरं झालं, ती पहिल्याच खर्ड्यात कोसळलेली बरी.

उजेड तेलाचा. काडेपेटी नाही, घासलेट नाही. ती दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. विस्तव राखेखाली जपतात, शेजारून आणतात, नाहीतर चकमक झाडतात. समई खोलीभर उजेड देत नाही. तिच्यापासून दोन हातांवर माणसाचा चेहरा दिसतो, सहा हातांवर पगडीचा आकार. मग ‘तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दालनाच्या टोकावरून दिसलं’ असं लिहिता येत नाही. शंका असेल तर घरी एक समई लावून, वीज बंद करून बसून पाहा. दिव्यांचे प्रकार डोळ्यांनी पाहायचे असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक सकाळ घालवा.

जागा : आजचं नाव पुसा

शनिवारवाड्याचा आतला भाग १८२८च्या आगीत गेला. आज उभे आहेत ते तट, दरवाजे, नगारखाना. आत जोती आणि हौद. म्हणजे आतलं वर्णन कागदांवरून आणि इतर वाड्यांवरून करावं लागतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. तिथं जाऊन चौक पावलांनी मोजा, जिना चढा, चौकटीखाली किती वाकावं लागतं ते बघा. पळणाऱ्या माणसाचा प्रसंग लिहायचा असेल तर हे वाकणंच कामी येतं.

नावांचा सापळा तर ठायीठायी आहे. वाड्याच्या नारायण दरवाज्याला ते नाव नारायणरावांचं शव तिथून नेल्यामुळे पडलं असं मानतात. त्याआधी तो जांभूळ दरवाजा. मग ३० ऑगस्टच्या सकाळी तुमचा पहारेकरी ‘नारायण दरवाज्यावर’ कसा उभा राहील? सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं, थोरल्या माधवरावांच्या काळात वसली. १७५५च्या कथेत तिथं भाड्यानं खोली घेऊ नका. बुधवार पेठेला औरंगजेबाच्या वेळचं वेगळं नाव होतं. नियम असा करा : कथेत आलेल्या प्रत्येक पेठेपुढं, देवळापुढं, पुलापुढं वर्ष लिहायचं. वर्ष मिळालं नाही तर ‘नदीकाठचं देऊळ’ म्हणायचं आणि पुढं जायचं.

चित्रांचंही तेच. पेशवाईतल्या पुण्याची जी प्रसिद्ध चित्रं आपण पाहतो ती मॅलेट पुणे दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील, असतानाच्या काळातली, १७९०च्या आसपासची. आपल्या दुपारीनंतर वीस वर्षांनी पगडीची बांधणी आणि अंगरख्याची काट तीच राहिली असेल, असं गृहीत धरू नका.

माणूस : लहान घ्या

नारायणराव, राघोबादादा, आनंदीबाई यांना कथेच्या केंद्रात बसवलंत तर प्रत्येक वाक्याला पुरावा मागणारा वाचक समोर येईल आणि शेवट आधीच सगळ्यांना ठाऊक असेल. त्या दुपारी वाड्यात नारायणरावांबरोबर आणखीही माणसं मारली गेली. त्यात चाकर होते, दासी होत्या. त्यांच्यापैकी कुणाच्या शेजारी आपलं पात्र उभं करा.

समजा आपण एक दिवट्या घेतला. समया-मशालींची तेलवात बघणारा. नाव ठेवू भिकाजी, तो पूर्ण कल्पित. दुपारी तो वाड्यात का आहे याचं उत्तर तिथीनं आधीच दिलंय : उत्सवाची रात्र आहे, समया जास्त लागणार. आता त्याच्याबद्दल पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. त्याला काय मिळतं आणि कशात मिळतं, रोकड की धान्य? रोकड असेल तर रुपया कोणत्या टांकसाळीचा, कारण सराफ बट्टा कापतो. तो कुठपर्यंत जाऊ शकतो, कोणत्या उंबऱ्यापाशी त्याला थांबावं लागतं? पाणी कुणाच्या हातचं पितो? त्याला वाचता येतं का? आणि आज सकाळी त्याला काय माहीत आहे?

तिसऱ्या प्रश्नावर लेखक घसरतात. अठराव्या शतकातल्या पुण्यात जात ही मतांची गोष्ट नव्हती; विहीर, स्वयंपाकघर, देवडी, पंगत, शिक्षेची मात्रा सगळं तिच्यावर ठरत होतं. ती गाळून गुळगुळीत पुणं उभं करणं हा काळाचा घोटाळाच आहे, मग त्यात काडेपेटी नसली तरी. उलट, भिकाजीच्या तोंडी आजचं भाषण घालणं हाही घोटाळा. त्याची चीड त्याच्या काळाच्या वाटांनीच बाहेर येऊ द्या : कामात मुद्दाम केलेली दिरंगाई, शिव्या, देवाला घातलेलं गाऱ्हाणं, नोकरी सोडून दुसऱ्या सरदाराकडं जाणं.

पाचवा प्रश्न सोपा दिसतो, पण तोच नडतो. ३० ऑगस्टला पुण्यात कुणालाही सवाई माधवराव ठाऊक नाहीत. त्यांचा जन्म १८ एप्रिल १७७४चा. बारभाई, म्हणजे खुनानंतर राघोबांविरुद्ध एक झालेले कारभारी, ठाऊक नाहीत. कुणी ‘पहिले माधवराव’ म्हणत नाही, कारण दुसरे झालेले नाहीत. पानिपतला कुणी ‘तिसरी लढाई’ म्हणत नाही. आपण ‘पेशवाई’त राहतो, असंही कुणाला वाटत नाही, ते ‘श्रीमंतांच्या राज्यात’ राहतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना दिवस गेले आहेत हे वाचकाला ठाऊक असतं, भिकाजीला नसतं. या दोघांमधल्या अंतरात ताण असतो, तो फुकट घालवू नका.

नावांबद्दल एकच सूचना : भागीरथी, सगुणा, लाडू, रखमा, येसू ठेवा, सान्वी, ईशान ठेवू नका. आणि प्रत्येक बाईला ‘बाईसाहेब’ करू नका.

ताटात काय नाही

अमेरिका खंडातून आलेली पिकं आपल्याकडं कधी रुळली याची यादी भिंतीवर चिकटवून ठेवावी. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, १७७३पर्यंत ती चांगली रुळली होती, ठेचा चालेल. तंबाखू चालेल, हुक्का चालेल. टोमॅटो नाही. बटाट्याची भाजी घराघरांत नाही. साबुदाण्याची खिचडी नाही. उपासाला वरी, शिंगाडे. चहा तर नाहीच. पाहुणा आला की चहा पुढं करण्याची सवय आपल्या बोटांत इतकी भिनलेली असते की अनुभवी लेखकाच्या खर्ड्यातही एखादी कपबशी सापडते. गूळपाणी द्या, ताक द्या, विडा द्या.

भाषा : मीठ किती

इथं दोन टोकं आहेत आणि दोन्ही वाईट. एक, सगळं आजच्या पुणेरी बोलीत. दुसरं, पानभर ‘आज्ञा व्हावी सरकार’ आणि ‘प्राणांची बाजी लावू’. खरी पत्रं वाचलीत तर चकित व्हाल, ती इतकी रोखठोक असतात. मायना भरगच्च : ‘राजश्री अमुक गोसावी यांसि’, मग ‘विज्ञापना ऐसीजे’. आणि आत थेट पैशाची, घोड्यांची, पावसाची बात. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’.

तीन थर वेगळे ठेवा. निवेदन आजच्या, साध्या मराठीत. संवाद आजच्याच वाक्यरचनेत, पण शब्द त्या काळाशी विसंगत नकोत. पत्र किंवा हुकूम कथेत आला तर तेवढा पूर्ण जुन्या वळणाचा, आणि तो दहा ओळींपेक्षा लांबवू नका. पानाला तीन, फार तर चार अनोळखी शब्द; त्यांचा अर्थ कृतीतून कळावा, तळटीप देऊ नये.

शब्द तपासायला मोल्सवर्थचा कोश ठेवा, १८५७ची वाढवलेली आवृत्ती. त्यात नसलेला शब्द अठराव्या शतकात नव्हताच असं नाही, पण संशयित धरावा. दिनांक, क्रमांक, हुतात्मा हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतले शब्द. पेशव्यांच्या कारकुनाच्या तोंडी ते दिसले की जाणता वाचक पुस्तक मिटतो. याउलट फारसी-अरबी शब्द ‘परके’ म्हणून काढू नका. मसलत, बंदोबस्त, कजिया, रवाना, जप्ती, मुलूख काढून टाकले तर त्या काळच्या मराठीचे सांधेच निखळतात. ‘पगार’ शब्द पोर्तुगीज मुळाचा. फौजेच्या तोंडी ‘रोजमुरा’ जास्त शोभतो. आणि गारदी त्या दुपारी थकलेल्या रोजमुऱ्याचं निमित्त करूनच आत आले होते, म्हणजे शब्द आणि प्रसंग एकाच फटक्यात मिळाले.

आता खर्डा

आधी चुकीचा नमुना पाहा.

दुपारचा एक वाजला होता. भिकाजीनं काडी ओढून चिलीम पेटवली आणि नारायण दरवाज्याकडं पाहिलं. ‘आज चौकी क्रमांक दोनवर गारदी जास्तच दिसताहेत,’ तो म्हणाला. पाचच मिनिटांत आत गोंधळ उडाला. मराठी इतिहासातल्या एका काळ्याकुट्ट क्षणाचे आपण साक्षीदार आहोत, असं त्याला वाटून गेलं.

एक वाजला, काडी, दरवाज्याचं नाव, क्रमांक, मिनिटं. पाच चुका चार ओळींत. पण सगळ्यांत मोठी चूक शेवटच्या वाक्यात आहे. भिकाजीला आपण इतिहासात आहोत हे माहीत नसतं.

आता हे पाहा.

जेवणं उरकून वाडा सुस्तावला होता. भिकाजीनं बुधल्याचं तोंड सोडलं, तेल बोटावर घेऊन हुंगलं. करडईचंच, पण तळातलं. उद्या अनंत चतुर्दशी. रंगमहालातली एक समई रात्री विझली तरी त्याची खैर नव्हती.

‘वाती कोरड्या आहेत का बघ,’ तो पोराला म्हणाला.

पोरगं देवडीकडं बघत होतं. ‘काका, गारदी आले.’

‘रोजमुऱ्याला आले असतील. चढलाय त्यांचा.’

‘मग तलवारी कशाला उपसल्यात?’

अनोळखी शब्द चारच : बुधला, देवडी, गारदी, रोजमुरा. एकाचाही अर्थ सांगितलेला नाही. कामाचं कारण तिथीतून आलं, धोका पोराच्या डोळ्यांतून आला. पुढचं तुम्ही लिहा; पण एक बंधन पाळा : भिकाजी जिथं उभा आहे तिथून जे दिसेल, ऐकू येईल तेवढंच. आत काय झालं ते त्याला धावत आलेल्या कुणाकडून तरी कळेल, अर्धवट आणि चुकीचं.

खर्डा झाल्यावर

आठवडाभर बाजूला ठेवा. मग चार फेऱ्या करा, एका फेरीत एकच गोष्ट पाहायची. पहिल्या फेरीत फक्त वेळ : तारीख, तिथी, घटका, बातमीचा प्रवास. दुसरीत वस्तू : हातात धरलेली, खाल्लेली, पेटवलेली प्रत्येक गोष्ट. तिसरीत संवादातले शब्द. चौथीत कुणाला काय आणि कधी कळलं. सगळं एकदम तपासायला गेलात की डोळा गोष्टीत गुंततो आणि काडेपेटी निसटते.

हत्यारांसाठी एक जादा नजर. तोड्याची बंदूक पावसात भरवशाची नसते, कारण जळती वात विझते. ती भरायला वेळ लागतो, म्हणून एकाच माणसानं लागोपाठ चार बार काढणं जमत नाही. वाड्याच्या आत, दाटीत, तलवार आणि कट्यारच काम करते.

कापाकापीही करावी लागते. कथेतलं जे वाक्य फक्त तुमचा अभ्यास दाखवण्यासाठी उभं आहे ते ओळखण्याची खूण सोपी आहे : ते वगळून परिच्छेद मोठ्यानं वाचा, काही अडलं नाही तर ते काढा. चिठ्ठी जपून ठेवा, दुसऱ्या कथेत लागेल.

शेवटी दोन-तीनशे शब्दांची लेखकाची टीप जोडा. कोणती माणसं खरी, कोणती कल्पित, कुठं दोन मतं असताना तुम्ही एक निवडलंत आणि का. खऱ्या व्यक्तीवर नवा गुन्हा लादला असेल तर ते इथं स्पष्ट सांगा, किंवा त्याहून बरं, तो गुन्हा कल्पित पात्राकडं वळवा. अशा घराण्यांचे वंशज आजही आहेत आणि ते वाचतात. आपल्या कथेच्या टीपेत पहिली ओळ अशी असेल : भिकाजी दिवट्या आणि त्याचा पोरगा या नावांची नोंद कुठल्याही कागदात नाही.